देवकरांच्या छतावरची ओल

"मॅडम, तुम्ही फक्त लिहून द्या की लीकेज वरच्या भाडेकरूंचं आहे. बाकीचं मी बघतो," देवकर म्हणाले.

मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. देवकर म्हणजे तळेगावातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. मी वॉटरप्रूफिंगची कामं घेते. म्हणजे लोकांच्या घरात पाणी कुठून येतं ते शोधते; भांडणं आपोआप सापडतात.

त्यांच्या पॅसेजच्या छतावर ओल होती. बरोब्बर वर भाडेकरूंचं बाथरूम. त्या फ्लॅटचा मालक नाशिकला असतो. देवकरांनी त्याला फोटो पाठवले आणि त्याने भाडेकरूंना सांगून टाकलं, लीकेज तुमच्यामुळे असेल तर महिनाअखेर घर खाली करा.

मी स्टुलावर चढून छताला हात लावला. स्लॅबमधून पाझरलेलं पाणी आपली खूण ठेवून जातं. रंगाचे पोपडे निघतात, पांढरे क्षार फुटतात, कडा पिवळट पडतात. इथे यातलं काहीच नव्हतं. रंग शाबूत, मधे गोल ओला डाग आणि भोवती बारीक शिंतोडे. पाणी वरून खाली येतं, असा माझा इतक्या वर्षांचा समज. हे खालून वर गेलेलं दिसत होतं.

मी तोंडावर तसं म्हटलं असतं, तर देवकरांनी कानावर हात ठेवले असते, मी घरी गेले असते आणि भाडेकरू रस्त्यावर आले असते.

"आपण नीळ टाकून टेस्ट करू," मी म्हणाले. "वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, बंद करायची आणि निळं पाणी भरून ठेवायचं. गळत असेल तर सकाळपर्यंत इथे निळं उतरेल."

"निळंच ना?" देवकरांनी विचारलं.

"निळंच."

वर सावित्रामावशींनी दार उघडलं. त्या कामशेतकडच्या एका खेड्यातल्या. मुलगा नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत शिफ्टला गेलेला. सून ज्योती भिंतीला टेकून बसली होती, दिवस भरत आलेले. अर्धी भांडी आधीच पोत्यात भरलेली. ते बघून माझं डोकंच फिरलं.

"बाई, खरं सांगा, आमचं पानी गळतंया का?" मावशींनी विचारलं. "असल्या अवस्थेत हिला घिऊन कुटं जायाचं?"

खाली देवकरांना सांगितलेली निळीची टेस्ट मी त्यांनाही समजावली. मग जाळीवर प्लास्टिक आणि फडकी गच्च दाबून बसवली आणि टाइल्स बुडतील एवढं पाणी सोडलं. भिंतीवर पेन्सिलीने पाण्याची रेघ मारली. मावशी दारातून बघत होत्या.

"नीळ टाकायची ऱ्हायली की!"

"टाकायचीच नाही, मावशी."

"मग खाली सांगून आलात त्ये?"

"ते उद्या कळेल. तोवर कुणापाशी बोलायचं नाही."

"आता ह्ये लय अवघड काम दिलंत," मावशी म्हणाल्या.

सकाळी देवकरांचा फोन आला. "या, या! निळं उतरलंय!"

मी आधी वर गेले. पाणी रेघेवर जसंच्या तसं होतं. मग मावशींना घेऊन खाली आले. देवकरांनी मालकाला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. छतावर निळा डाग, इतका गडद की वर अख्खी बाटली ओतली असती तरी असा उतरला नसता.

"बघा! आता तरी पटलं ना?" फोन छताकडे धरून देवकर म्हणाले.

"मॅडम, तुमचं काय मत?" मालकाने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मावशींना राहवलं नाही. "आवो, पर बाईंनी नुसतं पानी वतलंया! नीळ टाकलीच न्हाई!"

देवकरांचा हात खाली आला आणि फोनमध्ये छताऐवजी त्यांचा चेहरा दिसू लागला.

"देवकर, मग हे निळं कुठून आलं?" मालक म्हणाला.

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "तरीच म्हटलं, निळीची बाटली कुठे गेली!" देवकरवहिनी बाहेर आल्या. "अहो, खरं काय ते सांगून टाका ना. यांचं दुखणं ओल नाहीच. पावसाळा लागल्यापासून दर रविवारी वर खेकड्यांच्या नांग्या कुटतात. रश्श्याचा वास आमच्या घरभर. वास न चुकता येतो, वाटी मात्र एकदाही आली नाही!"

मावशी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "तुमी खाता व्हय? गळ्यात माळ बघून मला वाटलं माळकरी हायसा. माळकऱ्याच्या दारात खेकड्याची वाटी कशी आनायची?"

देवकरांनी शर्टाचं बटण काढून माळ बाहेर काढली. "रुद्राक्ष आहे," ते पुटपुटले. "ब्लड प्रेशरसाठी."

मालक फोनवर खो खो हसला. "मावशी, सामान सोडा, कुठे जाऊ नका," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मावशी मटकन खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

ज्योतीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी त्याच घरात आल्या. रविवारी रश्श्याची वाटी खाली जाते आणि रिकामी वाटी परत येताना तीत वहिनींची खीर असते.

भाड्याने राहणाऱ्यांना माझं एकच सांगणं. ओलीचा आळ आला की लगेच भांडी पोत्यात भरू नका, आधी टेस्ट मागा.

देवकर मात्र अजून छत रंगवतायत. निळीचा डाग नुसत्या रंगाने झाकला जात नाही, पुन्हा वर येतो. आधी प्रायमर मारावा लागतो. त्यांनी मला विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही.