नात धावायला गेली आणि मला बांध आठवला

मंडळी, आज सकाळी नात धावायला गेली आणि ती परत येईपर्यंत मी गॅलरीतून हलले नाही. हसाल, पण कोणी धावताना दिसलं की काहीतरी वाईट झालंय असंच मी धरून चालते.

मी ठाण्याच्या खाडीकाठची, मिठागरवाल्यांच्या घरातली. पन्नासच्या दशकात आमच्या गावात उगाच कोणी धावत नसे. धावणारं माणूस म्हणजे खाडीचं पाणी अडवणारा बांध फुटल्याची बातमी.

दहाएक वर्षांची असेन. आश्विनातली पहाट, पाऊस संपलेला, बांधावरच्या गवतावर दव. अनवाणी पायांना इतकं गार वाटलं की मी धावतच सुटले.

मागे वळून बघते तर अर्धं गाव फावडी घेऊन माझ्यामागे. सगळ्यात पुढे बाबा.

"कंचा बांध फुटला गो?"

"कुठलाच नाय."

कोणी ओरडलं नाही. बाबा फावडं टाकून तिथेच खाली बसले. त्यानंतर मी कधी धावले नाही.

आज नात आली, घामाघूम आणि खुशीत. दारातच मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही गं आजी. छान वाटलं."

हे एवढंच मला तेव्हा बाबांना सांगता आलं नव्हतं. तुम्हाला कधी घरच्यांना असं सांगता आलं का?