पिल्लू पळालं की आम्ही अंगणात

काल आमच्या मांजरीची नखं कापताना ती हातातून सुटली आणि घरभर सुसाट पळाली. माझा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेला.

भूकंपानंतर लातूरला आम्ही अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. घर धड उभं होतं, पण आई आत फक्त स्वयंपाकापुरती जायची. जनावराला आधी कळतं म्हणून तिनं कंधारच्या मावशीकडून मांजरीचं पिल्लू आणून घरात ठेवलं. दुधात भाकरी कुस्करून त्याला घालायची आणि त्याच्यावर नजर ठेवायची. पिल्लू सैरावैरा पळालं की आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर, मागोमाग आम्ही. मग गल्लीभर करपल्याचा वास.

एका दुपारी पिल्लू असंच पळालं. आम्ही अंगणात आलो, आई आली नाही. दारातून पाहिलं, तर ती जमिनीवर बसून दोऱ्याचा गुंडा घरंगळवत होती आणि पिल्लू नखं काढून त्यावर झेपा घेत होतं.

“आई, बाहेर ये की.”

“काय न्हाई होत,” ती मान वर न करता म्हणाली. “खेळायलंय ते.”

आता वाटतं, तिला राखण नाही, आत जायला सोबत हवी होती. त्या संध्याकाळी आमची अंथरुणं घरात आली.