किडा बांध बघत नाय

"सीताआत्या गेली," चुलतभाऊ फोनवर एवढंच म्हणाला. मी मुरबाडच्या शाळेत वर्गावर होते. रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं, आता गावात भांडणार कोण...

शेणवे गावाजवळ तिची भाताची चार खाचरं. एकोणीसशे नव्वदनंतर केव्हातरी तिच्या लक्षात आलं, की दिवाळी उलटली तरी गोधडी लागत नाही. त्याच सुमारास लोंब्या पांढऱ्या, पोचट निघू लागल्या. खोडकिडा पूर्वीही होता. पण कापणीनंतर धसकटांत राहिलेल्या त्याच्या अळ्या थंडीत गारठायच्या, थोड्याच तगायच्या. आता त्या मजेत जगत होत्या. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती वाकून बघायची, एवढंच.

गावच्या सभेला शेतीखात्याचे एक साहेब आले, फवारणी वाढवा म्हणाले. आत्या बायकांतून उठली. "साहेब, थंडी कमी झालीय. तिच्यावर हाय का काय औषध?" लोक हसले. ती बसली नाही.

त्या वर्षी तिने आपल्या खाचरांतली सगळी धसकटं खणून काढली. तरी पुढच्या हंगामात पांढऱ्या लोंब्या आल्याच. शेजारच्या शेतांतून त्याच किड्याचे पतंग उडत येत होते. मग एका सकाळी ती कुदळ घेऊन थेट शेजारच्या गणपतदादाच्या शेतात शिरली. तो धावत आला.

"कुणाला इचारून शिरलीस गो?"

"किड्यानं इचारलं व्हतं तुला? तो बांध बघत नाय, मग मी कशाला बघू?"

त्याने कुदळ हिसकावली. ती खाली बसून हाताने उपटू लागली. तिसऱ्या दिवशी त्याचीच बायको तिच्या शेजारी येऊन बसली, आणि दोनतीन वर्षांत सगळं शिवार खणू लागलं. पांढऱ्या लोंब्या कमी झाल्या.

पण पुढे एका उकाड्याच्या ऑक्टोबरात रस शोषणारे तुडतुडे पडले. उभं भात गोलगोल करपत गेलं. मी समजूत घालायला गेले, तर म्हणाली, "निम्मं राखलं ना! पुढल्या साली रोपं लांब लांब लावू. हवा खेळंल."

शेवटच्या हंगामात ती अंथरुणावर होती. तेराव्यानंतर मी शेतात गेले. धसकटं तशीच होती. एक उपटून नखाने चिरलं. आत पिवळसर अळी, चांगली वळवळणारी... तिचा राग मला तेव्हा कळला. रजा वाढवून घेतली. हाताला फोड आलेत, तीन खाचरं खणून झालीत. चौथं रविवारी.