थेंब सरांचा अर्ज

माझी मावशी एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. पहिली अकरा वर्षं ती तिथे तात्पुरती होती. उन्हाळी सुट्टी लागली की नेमणूक संपायची आणि कॉलेज उघडलं की नव्या तारखेचं पत्र हातात पडायचं. मधल्या दिवसांना कागदावर सेवाखंड म्हणत. त्या खंडातही परीक्षेची प्रात्यक्षिकं तीच घ्यायची, कारण कायम असलेले प्राध्यापक सुट्टीवर गेलेले असत.

तिच्या विभागात आणखी एक जण असेच तात्पुरते होते. प्रयोगशाळेत मुलांच्या मागे उभं राहून ते हलक्या आवाजात सांगायचे, "थांब. आता फक्त एक थेंब." म्हणून मुलांनी त्यांचं नाव थेंब सर पाडलं होतं. स्टाफरूममध्ये कपाटाच्या मागे या दोघांना मिळून एक टेबल होतं. डावा खण मावशीचा, उजवा त्यांचा. सर म्हणायचे, "आपण दर उन्हाळ्यात मरतो आणि कॉलेज उघडलं की परत जन्म घेतो. पण या पुनर्जन्मात बढती नाही." मावशी हसायची आणि परत वह्या तपासायला लागायची.

माझी आई गेल्यावर मावशीनं मला सांभाळलं. तिची खोली एका माणसाला जेमतेम पुरेल एवढी, म्हणून मी वसतिगृहात. "एकदा कायम झाले की तुला घरी आणते," असं ती दर भेटीत म्हणायची. त्या वाक्याला मी किती लटकून होते ते तिला माहीत होतं.

बाराव्या वर्षी विभागात एक कायम जागा निघाली. एकच. दोघांनीही अर्ज केला. अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी सरांची आई दवाखान्यात होती. सकाळी त्यांनी आपला लिफाफा मावशीकडे दिला. "तुमच्याबरोबर माझाही देऊन टाका," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

दुपारी चारला मावशी कार्यालयात गेली. मोठे कारकून फार काटेकोर. त्यांनी दोन्ही अर्ज पान न् पान उलटून पाहिले. मावशीचा अर्ज पूर्ण होता. सरांच्या शेवटच्या पानावर, प्रतिज्ञापत्राखाली, सही नव्हती. गडबडीत राहून गेली असावी. कारकून म्हणाले, फोन करून बोलावून घ्या, मी साडेपाचपर्यंत नोंदवही उघडी ठेवतो. दवाखाना चालत दहा मिनिटांवर होता.

मावशीनं बाहेर व्हरांड्यात येऊन फोन लावला. सरांनी लगेच उचलला. "हॅलो," ते म्हणाले. मग परत, जरा मोठ्यानं, "हॅलो?" त्यांच्या मागे एखाद्या ढकलगाडीची चाकं कुरकुरत होती. मावशीनं तोंड उघडलं आणि फोन कट केला.

ती आत गेली आणि म्हणाली, "लागत नाहीये." तेवढ्यात तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. थांबला आणि पुन्हा थरथरला. ती पर्स पोटाशी घट्ट धरून उभी राहिली. साडेपाचला कारकुनांनी सरांच्या लिफाफ्यावर 'अपूर्ण' असा शिक्का मारला.

त्या दुपारी सरांची आई गेली, हे मावशीला दुसऱ्या दिवशी कळलं. आठवड्यानं सर कॉलेजात आले तेव्हा तिनं त्यांना सांगितलं की एक सही राहिली होती आणि तुम्हाला फोन लागला नाही. त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये तिचा नंबर आणि वेळ दोन्ही असणार, हे तिला बोलता बोलताच सुचलं. सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं," ते म्हणाले.

मावशी कायम झाली. मी घरी आले. सरांनी त्या वर्षाअखेर उजवा खण रिकामा केला आणि दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेले, तिथेही तात्पुरतेच.

मावशीचं पुढे सगळं सरळ होत गेलं. प्रशिक्षणवर्ग, शोधनिबंध, गुणांचे तक्ते, मुलाखती. एकेक पायरी चढत ती प्राध्यापक झाली, विभागप्रमुख झाली. पण बढतीचा अर्ज भरायला बसली की शेवटच्या पानाशी तिचा हात अडायचा. सही करायची, पुन्हा पान उलटून ती आहे ना हे बघायची, मग तिसऱ्यांदा मला बघायला लावायची. मी तेव्हा तिला हसायचे.

एकदा मी तिला न्यायला कॉलेजात गेले होते. भर दुपारची वेळ, प्रयोगशाळा रिकामी. ती बेसिनपाशी उभी होती. मला पाहून म्हणाली, "तू हाक मारलीस का?" मी नाही म्हणाले. "हॅलो म्हणाली नाहीस?" तिथल्या सगळ्या तोट्या तिनं त्याच वर्षी बदलून घेतल्या होत्या, गळतात म्हणून. नव्या तोट्या ठणठणीत कोरड्या होत्या. तरी थेंब पडल्यासारखं वाटून ती कान देऊन उभी राहायची. घरातला फोन तिनं मला उचलायला लावला तो कायमचा. मला वाटायचं, वय होतंय.

असं होता होता चौदा वर्षं गेली. विभागात पुन्हा जागा निघाली आणि छाननी समितीवर मावशी होती. गठ्ठ्यातला सहावा अर्ज थेंब सरांचा. या वेळी सही होती, ठळक. पण वयोमर्यादा उलटून गेलेली. सलग दहा वर्षांची सेवा असेल तर वयात सूट होती, आणि सरांची या कॉलेजातली अकरा वर्षं सेवाखंडांनी तुकडे तुकडे झालेली. समितीतल्या दोघांनी अर्ज बाजूला ठेवला. मावशीनं पंधरा दिवस मागून घेतले.

ते पंधरा दिवस ती अभिलेखकक्षात बसली. वाळवी लागलेले मस्टर, प्रात्यक्षिक परीक्षांच्या याद्या, जुने हजेरीपट. प्रत्येक खंडात सरांनी कुठली ना कुठली परीक्षा घेतली होती आणि प्रत्येक कागदावर त्यांची सही होती. शेजारी तिची. धुळीनं तिला दम लागायचा. मी म्हणाले, हे काम शिपायाला सांग. तेव्हा तिनं मला पहिल्यांदा त्या फोनचं सांगितलं. पलंगाच्या कडेला बसून, ओळीनं, जसं घडलं तसं. मी ऐकत असताना माझ्या मनात एकच गोष्ट होती, की ते घर, ती खिडकीजवळची खाट, माझं सगळं लहानपण त्या कट झालेल्या फोनवर उभं होतं.

तिनं पुरावे समितीपुढे ठेवले आणि सोबत संस्थेला एक पत्र लिहिलं, त्या दिवशी आपण काय केलं ते. प्राचार्यांनी ते वाचून तिला परत द्यायचा प्रयत्न केला. आता हे कशाला उकरता, असं त्यांचं म्हणणं. तिनं आवक क्रमांक पडेपर्यंत टेबल सोडलं नाही आणि मग स्वतःहून समितीतून बाहेर पडली.

सरांची सेवा सलग धरली गेली. मुलाखत झाली आणि निवडही. रुजू व्हायच्या दिवशी त्यांना विभागप्रमुखांसमोर सही करावी लागणार होती, म्हणून ते तिच्या खोलीत आले. केस पार पिकलेले, शर्ट तसाच पांढरा. सही झाल्यावर मावशीनं दार लोटून घेतलं.

"त्या दिवशी फोन मी केला होता," ती म्हणाली. "तुम्ही उचललात आणि मी कट केला. नंतर तुम्ही दोनदा केलात, तेही मी घेतले नाहीत. सहीसाठी विचारत असणार तुम्ही, मला कळत होतं."

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"सहीचं मला तेव्हा ठाऊकच नव्हतं," ते म्हणाले. "तुमचा फोन आला तेव्हा आई नुकतीच गेली होती. कोणाला तरी सांगायचं होतं, आणि नेमका तुमचा नंबर समोर होता. म्हणून केला परत."

चौदा वर्षं तिनं एका अर्जाचा अपराध वाहिला होता, आणि हा दुसरा तिच्या हिशेबातच नव्हता.

"फॉर्मचं मी केव्हाच सोडून दिलं, मॅडम," सर दाराशी जाऊन म्हणाले. "त्या फोनचं नाही जमलं."

ते पाच वर्षं तिच्या हाताखाली होते. रजेच्या अर्जावर तिची सही घ्यायचे, आभार मानायचे. कायम सेवेची वर्षं भरली नाहीत म्हणून त्यांना एकही बढती मिळाली नाही. मावशीनं वर दोन पत्रं लिहिली, उपयोग झाला नाही. निवृत्त झाल्यावर ते गाव सोडून गेले आणि पत्ता कुणाला देऊन गेले नाहीत.

मावशीनं संस्थेला लिहिलेल्या पत्राची ना चौकशी झाली ना उत्तर आलं. आता तीही निवृत्त आहे. महिन्यातून एकदा ती कॉलेजात जाते, कार्यालयात आवक क्रमांक सांगते आणि विचारते. नवा कारकून रजिस्टर चाळतो, विचाराधीन आहे म्हणतो. मी बाहेर थांबलेली असते. परतताना मी तिला म्हणते, आता पुरे. ती म्हणते, पुढच्या महिन्यात बघू.