सात नंबरची साक्षीदार

विश्रांतवाडीतील आमच्या सोसायटीत बारा घरे. त्यांपैकी अकरा घरांनी बाराव्याच्या, म्हणजे आमच्या, हातून काहीही घ्यायचे नाही, असा निर्णय एका वास्तुतज्ज्ञाने दिला होता. त्याला आणले सेक्रेटरीने. सेक्रेटरी तिशीचा, परदेशी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा. त्या वर्षीच्या मंदीत सोसायटीतील त्याची आणि आणखी दोघांची नोकरी गेली होती. वास्तुतज्ज्ञ होकायंत्र घेऊन जिना चढला, आमच्या दारावरील बुद्धाच्या तसबिरीपाशी थांबला आणि म्हणाला, या घरात देव्हारा नाही. दोष येथून निघतो आणि येथल्यांच्या हातून वस्तू घेणाऱ्यास लागतो.

माझ्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. माझी उभी हयात दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत गेली. देवावर माझा विश्वास नाही. दोषावर तर नाहीच. मी निषेधाचे पत्र लिहिले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागण्यास सेक्रेटरीकडे गेलो. त्याने हात पाठीमागे घेतले.

“काका, ई-मेल करा ना.”

“आणि पोच कोण देणार? तुमचं होकायंत्र?”

“पर्सनली घेऊ नका. माझा तरी कुठे विश्वास आहे? पण रिस्क कशाला घ्यायची?”

श्रद्धाळू माणसाशी मी वाद घातला असता. विश्वास नसताना हात मागे घेणाऱ्याशी काय बोलायचे? रजिस्टर पत्र पाठविले, ते ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आले. कायद्याने तो शेरा म्हणजे पत्र पोहोचल्यासारखेच. परंतु कायदा आमच्या जिन्यात राहत नव्हता. घर विकावे म्हटले, तर सोसायटीचा दाखला हवा. दाखल्यासाठी अर्ज हवा. अर्ज कोणी हातात घेईना.

मला निदान माझ्या अर्जांची सोबत होती. पत्नीला तीही नव्हती. बुद्धपौर्णिमेला तिने घरोघर पाठविलेल्या खिरीच्या वाट्या झाकणासकट परत आल्या. एकच वाटी आली नाही: सात नंबरच्या सुनेची. त्या घराची आणि आमची मागची गॅलरी एकमेकींना लागून. दुपारी सासू झोपली की ही मुलगी तेथे येई, कठड्यावरून वाटी घेई आणि उभ्यानेच खाई.

“काकू, आज दोषात मीठ कमी पडलंय हं.”

“मग उद्या वास्तुतज्ज्ञाला चाखायला बोलाव,” पत्नी म्हणे, आणि दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून हसत. दिवसभरात पत्नीचे हसणे मला तेवढेच ऐकू येई.

मी ते ऐकत होतो आणि मला त्यात पुरावा दिसला.

सहकार खात्याकडे केलेल्या तक्रारीत मी सहावा मुद्दा घातला: सदनिका क्रमांक सातमधील सूनबाई माझ्या पत्नीच्या हातचे रोज खातात व त्यांची प्रकृती ठणठणीत आहे, सबब दोषाची कल्पना निराधार आहे. मुद्दा बिनतोड होता. पत्नीला विचारावे, असे मला वाटले नाही. कचेरीत साक्षीदाराचे नाव कागदावर चढवताना त्याच्या घरी कोण कोण आहे, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

चौकशी अधिकारी पुढच्या मार्चमध्ये आले. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. सर्वांसमक्ष त्यांनी माझी तक्रार मुद्द्यामागून मुद्दा मोठ्याने वाचली. सहावा मुद्दा संपला आणि सगळ्या माना एका दिशेला वळल्या.

“काय गं?” सासू म्हणाली. “माझ्या नातवाला दूध पाजतेस ना तू?”

मुलगी पांढरीफटक पडली. “मी नाही हो काही घेतलं. कधीच नाही.”

“घेतलं आहे!” मी उठून उभा राहिलो. “माझी पत्नी सांगेल.”

अधिकाऱ्यांनी पत्नीकडे पाहिले. माझ्या माहितीप्रमाणे ती आयुष्यात खोटे बोललेली नाही. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “नाही साहेब. यांचा गैरसमज झालाय. मी द्यायला गेले होते, पण ती घेत नाही.”

“म्हणजे सूनबाईंना शिस्त आहे,” मागून कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.

जबाब माझ्यापुढे आला: सहावा मुद्दा असत्य असल्याचे अर्जदारास मान्य आहे. सही करू नये, तर पत्नी खोटी ठरणार आणि ती मुलगी त्याच घरात परत जाणार, दोषी म्हणून. करावी, तर मी खोटा. आणि एक मुद्दा खोटा ठरलेल्या तक्रारीचे पुढे काय होते, हे मला कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. मी सही केली.

घरी आल्यावर पत्नीने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

“अहो, त्या पोरीच्या नावाने आता कुणाला एक ओळसुद्धा लिहायची नाही.”

“तिची माफी मागणारी चिठ्ठी?”

“कोण घेईल ती? आणि सासूच्या हाती लागली तर?”

दुपारी सासू गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागली. आमच्या गॅलरीच्या दाराला पत्नीने स्वतः कडी घातली, म्हणजे मुलगी चुकूनही इकडे बघणार नाही. एप्रिल होता, घर भट्टीसारखे तापे. मी एकदा कडीकडे हात नेला.

“असू द्या,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.