दिवाळीची सफाई श्रावणात

कुणाच्याही घरात शिरले की माझी नजर आधी वर जाते. घरातल्या बाईला वाटतं, ही आपलं नवं पीओपी बघतेय, आणि ती खूश होते. मी पंखे मोजत असते.

तळोद्यात घरं आणि ऑफिसं साफ करून देण्याचा धंदा सुरू केला, तेव्हा पहिलं वर्षभर मी खोलीमागे भाव लावला आणि वर्षभर मूर्ख बनले. फोनवर "तीनच खोल्या शेतस, ताई" असं सांगणाऱ्यांच्या घरी पोचल्यावर कळायचं, की हॉल त्यांनी खोलीत धरलेलाच नाही, माळ्याचं तर नावच नको, आणि मागची खोली म्हणजे "ती काय, नुसती पडेल शे." पंखा मात्र कुणाला लपवता येत नाही. जिथे पंखा तिथे माणसं बसतात, जिथे माणसं बसतात तिथे कचरा होतो, आणि पंख्यापर्यंत शिडी न्यायची म्हणजे खालचं सगळं सामान हलवावं लागतं. तेव्हापासून माझा घराचा भाव पंख्यांवर ठरतो. ऑफिसचा भाव संडासांवर. ऑफिसातल्या पंख्यांना कुणी विचारत नाही, पण संडास घाण असला की साहेबापासून शिपायापर्यंत सगळे एकजात ओरडतात.

आणखी एक गोष्ट मी स्वतःच्या नुकसानीतून शिकले. भाव सांगून होईपर्यंत चहाला हात लावायचा नाही. आमच्याकडे चहा प्यायला की माणूस घरचा होतो, आणि घरच्या माणसाने पैशाचं बोललेलं कुणाला आवडत नाही. "आते तू काय परकी शे का?" हे ऐकलं की समजावं, आपले निम्मे पैसे गेले. मला राग लवकर येतो हे गावाला ठाऊक आहे, त्यामुळे समोर चहा निवत ठेवून मी भाव सांगत बसले तरी लोक ते माझ्या स्वभावात जमा करतात. मला त्याचं काही वाटत नाही.

एवढं जमल्यावर मला वाटू लागलं होतं, की भाव लावण्यातलं सगळं आपल्याला कळलं. काहीही कळलं नव्हतं.

खरं सांगायचं तर माझा सगळा धंदा एका बाईवर उभा होता. तळोद्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरून ती रोज सकाळी जीपने यायची. घरी आदिवासींची पावरी बोलायची, माझ्याशी अहिराणी, आणि घरमालकिणीशी काहीच नाही. काम झटपट आणि नीटनेटकं. मी घाईत एखादा कोपरा सोडला तर मलाच दटावायची. तिच्या हातून काही फुटलेलं मला आठवत नाही. गिऱ्हाईक फोन करायचं ते सफाईसाठी नव्हे, "ती बाई" पाठवा म्हणून.

पण दिवाळी झाली की ती जायची. नवरा-बायको दोघं गुजरातेत ऊस तोडायला. उसाच्या तोडीत जोडप्याला मिळून एक कोयता म्हणतात. एकटा पुरुष किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळी नेणारा मुकादम उभा करत नाही. त्यामुळे नवऱ्याने जायचं ठरवलं की तिला जावंच लागे. ती होळीपर्यंत परत यायची नाही आणि तोवर मी नव्या नव्या बायका धरून आणायचे. एका वर्षी त्यातल्या एकीने कापडाच्या दुकानवाल्या भाभींच्या देवघरातल्या संगमरवरावर संडासाचं ॲसिड ओतलं. दगडाची चमक गेली ती गेलीच. भाभींनी मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. दोन हिवाळ्यांत माझी निम्मी गिऱ्हाइकं तुटली. तिसऱ्यांदा ती गेली असती तर मला धंदा गुंडाळावा लागला असता.

तिलाही जायचं नव्हतं. तसं ती बोलून दाखवणारी नव्हती. एकदा बाथरूमच्या टाइल्स घासता घासता एवढंच म्हणाली, "आठे सांजले घर जावाले भेटस." उसाच्या फडात पालाच्या झोपडीत पाच महिने राहिलेल्या बाईचं हे वाक्य होतं. माझ्या मनात ते घर करून राहिलं.

म्हणून आषाढातच मी तिला म्हटलं, यंदा जाऊ नकोस. बारा महिने पगार देते. नवऱ्यालाही काम देते, ऑफिसांच्या काचा, पाण्याच्या टाक्या. दोघांचा वर्षाचा पगार मिळून उसाच्या कमाईपेक्षा जास्त होतो, हे मी तिला बोटांवर मोजून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फडकं पिळत विचारलं, "पगार कव्हय देशात?"

"महिनानी आखरीले."

"मुकादम पोळाना पह्यले देस," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

मला असा संताप आला की विचारू नका. मी जास्त देतेय, जवळ देतेय, संध्याकाळी घरी सोडतेय, आणि हिला मुकादम आठवतोय! दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी डोकं जरा थंड झालं, तेव्हा तिचं म्हणणं डोक्यात शिरलं. श्रावणात पाड्यावर घराघरातले दाण्याचे डबे तळाला गेलेले असतात. असलेला पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो, छप्पर गळत असतं, आणि नेमका त्याच वेळी मुकादम कागदावर अंगठा घेऊन एकरकमी उचल, म्हणजे तोडीत फेडायची आगाऊ रक्कम, द्यायला दारात येतो. तो किती देतो यापेक्षा तो कधी देतो, हे महत्त्वाचं होतं. मी महिनाअखेरीच्या पगाराची भाषा करत होते, आणि तिला श्रावण काढायचा होता.

मग माझा राग गिऱ्हाइकांवर वळला. मी तिला महिनाअखेरीला देत होते, कारण मलाच महिनाअखेरीला मिळत होतं. दिवाळीच्या सफाईचे पैसे तर तुळशीचं लग्न लागल्यावर यायचे, "आरे हा, तुम्हना तं ऱ्हाईच गयात" असं म्हणत. म्हणजे मी इतकी वर्षं पंखे आणि संडास मोजत बसले होते, आणि पैसा हातात कधी येणार हे भावात धरायचंच विसरले होते.

मी ठरवलं, दिवाळीची सफाई आणि तिथून पुढच्या तीन महिन्यांचे पैसे आत्ता, श्रावणातच मागायचे.

छत्री घेऊन मी दारोदार फिरले. लोक हसले. एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, अजून राखीसुद्धा झाली नाही." एका ऑफिसातल्या साहेबांनी नियम दाखवला: काम झाल्याशिवाय बिल नाही. नियम बरोबरच असेल, पण त्यांचा संडास मी बघितला होता, त्यामुळे मला त्या नियमाबद्दल फारसा आदर वाटला नाही. शिकवणीच्या क्लासवाल्या एका सरांनी मात्र तिथल्या तिथे पैसे काढून दिले. पोरांच्या बुटांच्या चिखलाने ते टेकीला आले होते. पण एका क्लासने काय होणार?

शेवटी मी कापडाच्या दुकानवाल्या भाभींकडे गेले. हे एकेकाळी माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक: खाली दुकान, वर दोन मजले, अकरा पंखे. ॲसिडच्या प्रकारानंतर त्यांनी मला बोलावणं सोडलं होतं. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"दिवाळीनी सफाई? आते?" त्या म्हणाल्या. "पानी पडी ऱ्हायना, भिती ओल्या शेतस, आनि तुले दिवाळी सुची ऱ्हायनी?"

"सफाई दिवाळीलेच करसू, भाभी. पैसा आते द्या."

मला वाटलं होतं, त्याही हसतील. पण त्या हसल्या नाहीत. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेली आणि व्यापाऱ्याच्याच घरात दिलेली बाई, सोलता सोलता तिचे हात थांबले. "सीझनना पह्यले माल उचला तं आम्हले भाव कमी भेटस. तू कितला कमी करशी?"

अख्ख्या गावात ज्या एकीला माझं म्हणणं कळलं, तिनेच मला कोंडीत पकडलं. कमी केलं असतं तर उचलीएवढी रक्कम जमली नसती. आणि जमली नसती तर हा सगळा खटाटोप कशाला?

"भाव कमी नही, भाभी."

"मंग मन्हा काय फायदा?"

"तीच बाई येई," मी म्हटलं. "बारा महिना. दुसरी कोनी नही."

भाभींनी देवघराकडे पाहिलं. मीही पाहिलं. तो डागाळलेला दगड तिथेच होता. "ती तं ऊस तोडाले जास ना?"

"यंदा नही जास."

"पक्कं?"

"पक्कं," मी बेधडक सांगून टाकलं. तिला न विचारता.

भाभी आत गेल्या आणि पैसे घेऊन आल्या. मग चहा आला, आणि त्या दिवशी मी तो गरम प्याले. भाभींनी दिले म्हटल्यावर त्यांच्या जावेने दिले, शेजारणीने दिले, आणि आणखी एका घराने काही न विचारता दिले. तळोद्यात हे असंच चालतं. आठवड्याभरात माझ्याकडे एका कोयत्याच्या उचलीएवढी रक्कम झाली.

दुसऱ्याच दिवशी मी जीपने पाड्यावर गेले. भुरभुर पाऊस होता. तिचा नवरा ओसरीत खाटेवर बसून विळ्याची मूठ ठाकठीक करत होता. मी पैशांचं पाकीट त्याच्यासमोर ठेवलं आणि जरा छाती फुगवूनच सांगितलं, की मुकादम देतो तेवढेच आहेत, मोजून घ्या. खरंच मी फार खुशीत होते. जणू लढाई जिंकून आले होते.

त्याने पाकिटाला हात लावला नाही. आत तोंड करून पावरीत काहीतरी म्हणाला. ती हात पुसत बाहेर आली. पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी सरळ विचारलं, "अंगठा कोठे लावू?"

मी हसायला गेले, पण हसू आलंच नाही. मला वाटत होतं, मी हिला मुकादमाच्या तावडीतून सोडवायला आलेय. तिला दिसत होता तो दुसरा मुकादम, साडी नेसलेला. आणि त्यात तिचं काय चुकलं होतं? तिला न विचारता भाभींना तिचे बारा महिने मी विकून आले होते.

"अंगठा नको," मी म्हटलं.

"कागद व्हई ते बरं, बाई," नवरा म्हणाला. "कितला फिटना, कितला ऱ्हायना, ते तरी समजस."

मी त्याच्या शेजारी खाटेवर बसले. सांगितलं, की यात फिटायचं काहीच नाही. ही उचल नाही, मजुरीच आहे. मला लोकांनी काम व्हायच्या आधी पैसे दिले आणि कुणीही माझा अंगठा मागितला नाही. मग मी तुमचा कशी मागू? यायचं नसेल तर आत्ता सांगा, मी पैसे परत नेऊन देते. हे सगळं मी अर्धं अहिराणीत, अर्धं मराठीत बोलले. घाबरले की माझी भाषा अशी होते.

"आनि पैसा लिसन आम्ही नही उनूत ते?" त्याने विचारलं. तो मला अडवत नव्हता. पैसे घेऊन ते आलेच नाहीत तर काय, हे त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते मन्हं वाटोळं व्हई," मी खरं ते सांगितलं.

दोघं पावरीत बराच वेळ बोलली. मला एक शब्द कळला नाही. मी पावसाकडे बघत बसले. मग ती एकदम हसली. "अशा करशात ते धंदा बुडी तुम्हना, बाई," असं म्हणाली, आणि पाकीट उचलून आत घेऊन गेली.

पोळ्याच्या आधी मुकादम पाड्यावर येऊन गेला. त्याने त्यांना माझ्यापेक्षा जास्त देऊ केले, असं जीपवाल्याकडून माझ्या कानावर आलं. मी तिला काही विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. दसऱ्यानंतर आमची धांदल उडाली. तिने अकरा पंख्यांचं घर झळझळीत केलं, नवऱ्याने क्लासच्या काचा अशा पुसल्या की एक मास्तर काचेच्या दाराला धडकले. पण सफाई होईल की नाही याची मला काळजी नव्हतीच. ऊसतोडीच्या गाड्या जातात त्या दिवाळीनंतर.

भाऊबीज झाली आणि दोन-तीन दिवसांत सकाळी स्टँडवरून ट्रक जाताना दिसले. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची खुराडी, आणि ताडपत्रीखाली दाटीवाटीने बसलेली माणसं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून चेहरे शोधत होते. एका ट्रकमध्ये पाठमोरी एक बाई दिसली, तिच्यासारखाच अंबाडा. मी घरी आले, बादली, पोछा, फिनेल उचललं आणि थेट भाभींकडे निघाले. पैसे घेतले होते. ती नाही तर मी.

मागच्या दाराने आत गेले, तर ती मोरीत टोपलंभर भांडी घासत होती.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बादलीकडे.

"तुम्हले वाटनं, मी गयी," ती म्हणाली.

काहीतरी सारवासारव करायला मी तोंड उघडलं, पण जमलं नाही. "हा," मी म्हटलं. "वाटनं."

तिला वाईट वाटलं. ते तिने लपवलं नाही, आणि मलाही कुठे बघावं ते कळेना. मग तिने मान खाली घालून पुन्हा भांडी घासायला घेतली.

"आते बादली आनेल शे तं गॅलरी धुई टाका," ती म्हणाली.

मी पदर खोचला आणि गॅलरी धुतली. काम संपवून ती बघायला आली, आणि कोपऱ्यातल्या दोन फरश्या तिने मला परत धुवायला लावल्या.