तिचे हात मीच धरले

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. दाढ किडून तिचा गाल सुजला होता आणि दोन दिवस दुधाशिवाय तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. विचुंब्याहून रिक्षा करून तिला पनवेलला दातांच्या दवाखान्यात नेलं. मी खुर्चीत बसले, तिला मांडीवर घेतलं. पण तिने ओठ असे घट्ट मिटले की डॉक्टरबाईंचा छोटा आरसासुद्धा आत जाईना. गोष्ट सांगून झाली, आइस्क्रीम कबूल करून झालं. शेवटी रडकुंडीला येऊन मी ओरडले, "उघड ना गं तोंड!" तशी ती जास्तच बिथरली.

"पू आज काढायलाच हवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हात तुम्ही धरा."

मी धरले. ती किंचाळली, "आई, मला सोडव! आई!" सोडवायला ती मलाच हाका मारत होती आणि तिची मनगटं माझ्याच मुठीत होती. मी डोळे मिटून घेतले.

पाच मिनिटांत काम झालं. परतताना रिक्षात ती माझ्या मांडीवर बसेना. संध्याकाळी तिने वाटीभर मऊ भात खाल्ला, पण बाबाच्या हातून.